चित्रातली बाई खरंच काम करतेय का?

कापणी उरकलेल्या शेतात तीन बायका वाकलेल्या आहेत. गहू पेंढ्या बांधून केव्हाच उचलला गेलाय. मागे जमिनीवर ज्या चुकार ओंब्या पडल्यात, तो सरवा त्या वेचतायत. तिघींपैकी एकीचाही चेहरा धड दिसत नाही. ज्याँ-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराचं हे 1857 सालचं तैलचित्र आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. उंची साधारण 84 सेंटिमीटर, रुंदी 110. भिंत व्यापून टाकणारं वगैरे अजिबात नाही. तरी त्या वर्षी पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी कलाप्रदर्शनात, ते टांगलं गेलं आणि काही समीक्षकांचं पित्त खवळलं. एकाला या बायका म्हणजे दारिद्र्याचा धागा कातणाऱ्या तीन नियतीदेवता वाटल्या. दुसऱ्याला त्यांच्या मागच्या आकाशात 1793 सालचे, राज्यक्रांतीतल्या रक्तपाताचे, वधस्तंभ दिसू लागले.

चार ओंब्या वेचणाऱ्या बायकांनी असं कोणाचं घोडं मारलं होतं?

हे समजून घ्यायला वास्तववादी चित्रकला म्हणजे काय, याची मोठी व्याख्या लागत नाही. एक साधा प्रश्न पुरतो, आणि तो अशा कुठल्याही चित्रासमोर उभं राहून विचारता येतो: या चित्रावरून ते काम शिकता येईल का? बाई कुठे जोर लावतेय, वजन कशावर तोलतेय, एक हात काम करताना दुसरा काय करतोय, हे कळतं का? की काम नुसतं नावाला आहे, आणि बाई छान दिसावी म्हणून तिच्या हातात विळा नाहीतर सुई दिलीय?

मिलेच्या चित्राला हा प्रश्न विचारून बघू. डावीकडची बाई कमरेतून काटकोनात वाकलीय. उजवा हात जमिनीकडे, आणि डावा हात मागे पाठीवर. सरवा वेचताना ओंबी इथे एक सापडते, पुढची दोन पावलांवर. प्रत्येक वेळी बसून उठायचं म्हटलं तर वेळ आणि गुडघे दोन्ही जातात. म्हणून पाय जवळजवळ ताठ ठेवून कमरेतूनच वाकायचं आणि तसंच पुढे सरकत राहायचं. मधली बाई उजव्या हाताने काडी उचलतेय आणि आधी वेचलेल्या काड्या डाव्या हातात धरून आहे. दोघींचे हात जवळपास एकाच दिशेला गेलेत, त्यामुळे ही हालचाल एकदाची नाही, दिवसभर हीच चाललीय, हे न सांगता कळतं. तिसरी, उजवीकडची, अर्धवट वाकलीय. ती आता ताठ होणार की पुन्हा वाकणार, हे मिलेने मुद्दाम सांगितलेलं नाही. मला तीच सगळ्यात खरी वाटते. कंबर धरलेल्या माणसाला पूर्ण सरळ व्हायची घाई नसते, कारण परत वाकणं जास्त दुखतं.

आता मागे बघा. लांबवर ऊन आहे, गव्हाच्या उंचच उंच गंज्या आहेत, भरलेली गाडी आहे, मजुरांची गर्दी आहे आणि उजव्या कडेला घोड्यावर बसून देखरेख करणारा एक माणूस. सगळा सोनेरी माल तिकडे. या तिघींच्या वाट्याला पुढची सावलीतली, खुंटांची जमीन. क्षितिजाची रेघ मिलेने इतकी वर धरलीय की दोघींची डोकी तिच्या बरीच खाली राहतात. आकाश त्यांच्या वाट्याला येतच नाही. फक्त तिसरीचं डोकं त्या रेघेपर्यंत पोचतं.

सरवा वेचणं हा फ्रान्समधल्या गरिबांचा जुना हक्क होता, आणि त्याला नियमही होते. मालकाचा माल पूर्ण उचलल्याशिवाय शेतात पाऊल टाकायचं नाही, सूर्योदयाच्या आधी आणि सूर्यास्तानंतर वेचायचं नाही, आणि वेचायचं ते हातानेच. नियम मोडला तर दंड. म्हणजे घोड्यावरचा तो माणूस नुसता देखाव्यासाठी नाही. 1848 साली फ्रान्समध्ये पुन्हा क्रांती झाली होती आणि सगळ्या प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला होता (बायकांना तो मिळायला 1944 साल उजाडलं). त्या धसक्यातून शहरातले पैसेवाले अजून सावरत होते. अशा वेळी कोणीतरी गरिबी, तिच्यामागची श्रीमंती आणि दोघांमधलं अंतर एकाच चौकटीत बसवून समोर ठेवलं, तर भानगड होणारच. मिले स्वतः काही पुढारी नव्हता. तो नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याचा मुलगा. काही वर्षं आधीच एका मित्राला त्याने लिहिलं होतं की लोक मला समाजवादी म्हणाले तरी चालेल, पण कलेत मला सगळ्यात जास्त भिडतो तो माणूसच.

जाता जाता पैशाचा हिशेब. मिलेला या चित्राचे 3,000 फ्रँक मिळाले. 1889 मध्ये, तो जाऊन चौदा वर्षं झाल्यावर, तेच चित्र 3,00,000 फ्रँकना विकलं गेलं. शँपेनच्या धंद्यात नाव काढलेल्या श्रीमती पॉमरी या विधवा मालकिणीने ते घेतलं आणि मृत्यूनंतर देशाला देऊन टाकलं. एका कामकरी बाईच्या चित्रासाठी धंदेवाल्या बाईने एवढी रक्कम मोजली, ही मला या कथेतली आवडती गोष्ट.

आधी बायका काम करत नव्हत्या का?

करत होत्या, आणि चित्रातही होत्या. डच चित्रकार व्हर्मीरची दूध ओतणारी मोलकरीण 1658च्या आसपासची. तिला आपला प्रश्न विचारला तर ती पैकीच्या पैकी गुण घेते. भांड्यातून दुधाची बारीक धार पडतेय, तिचं सगळं लक्ष त्या धारेवर, एक हात मुठीला आणि दुसरा भांड्याच्या बुडाला. पण ते चित्र जेमतेम 45 सेंटिमीटर उंच आहे, घराच्या भिंतीवर लावायचं. त्या काळच्या डच चित्रांत मोलकरणी पुष्कळ, पण बहुतेक वेळा त्या झोपलेल्या, चोरून ऐकणाऱ्या नाहीतर नखरे करणाऱ्या. बघणाऱ्याने हसावं, किंवा मालकिणीने त्यातून धडा घ्यावा, यासाठी.

खरी अडचण युरोपातल्या कला अकादमींनी लावलेल्या उतरंडीत होती. सगळ्यात वर इतिहास, पुराण आणि बायबलमधले प्रसंग. मग व्यक्तिचित्र. त्याखाली रोजच्या जगण्यातली दृश्यं, निसर्ग, फळंफुलं. मोठा कॅनव्हास, गंभीर रचना, माणसाला दिलेलं वजन, हे सगळं वरच्या पायरीचं. मोलकरीण, धोबीण, मजूर बाई यांना छोटी चौकट आणि थोडी गंमत पुरेशी, असा रिवाज. 1850च्या आसपास गुस्ताव कूर्बे आणि मिले यांनी नेमका तोच मोडला. कूर्बेने आपल्या गावातल्या एका साध्या माणसाच्या दफनाचं चित्र सहा मीटरहून रुंद काढलं. मिलेच्या सरवा वेचणाऱ्या बायका आकाराने लहान असल्या तरी त्यांची बांधणी एखाद्या जुन्या शिल्पासारखी भरीव आहे. समीक्षकांना झोंबलं ते हे. गरीब बाई चित्रात असण्याला कोणाची हरकत नव्हती. तिला देवतेचं वजन दिलं, याला होती.

याचा पुरावा लगेच दोन वर्षांनी मिळाला. 1859 च्या सलोंमध्ये झ्यूल ब्रतों या चित्रकाराने सरवा वेचणाऱ्या बायकांचंच चित्र लावलं, मिलेच्या चित्राहून कितीतरी रुंद. सूर्य मावळलाय, शेताचा राखणदार तोंडाशी हात धरून हाळी देतोय की वेळ संपली, आणि बायका परत निघाल्यात. नियमातला तो सूर्यास्त इथे प्रत्यक्ष दिसतो, हे चित्राचं श्रेय. पण बायका बघा. ताठ मानेने चालतायत, कोणाच्या डोक्यावर तर कोणाच्या खांद्यावर भारे, आणि ते भारेही चांगले भरगच्च. पाय अनवाणी, पण चाल राणीची. अख्खा दिवस वाकून काढलेल्या बाईची संध्याकाळची चाल अशी असते का, हे कोणीही सांगेल. फ्रान्सचा तेव्हाचा बादशहा, तिसरा नेपोलियन, याच्या खजिन्यातून हे चित्र विकत घेतलं गेलं. ब्रतों वाईट चित्रकार नव्हता, रंगांवर त्याची हुकमत होती. पण त्याने काम संपल्यानंतरची वेळ निवडली आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

चाळणारी बाई आणि कोपऱ्यातलं यंत्र

कूर्बेचं 'धान्य चाळणाऱ्या बायका' हे 1854-55 मधलं चित्र फ्रान्समध्ये नांत शहरातल्या संग्रहालयात आहे. मला ते मिलेच्या चित्राइतकंच महत्त्वाचं वाटतं, पण त्याची चर्चा कमी होते. मधोमध लालसर झग्यातली एक बाई जमिनीवर अंथरलेल्या कापडावर गुडघे टेकून बसलीय, आपल्याकडे पाठ करून. दोन्ही हात पुढे ताणून तिने भली मोठी गोल चाळण धरलीय. दंड उघडे, मान एका बाजूला, सगळं वजन गुडघ्यांवर. हात खांद्यापासून हलतायत, मनगटापासून नाही. एवढी मोठी चाळण मनगटाने हलवली तर दहा मिनिटांत हात भरून येईल. हे कूर्बेला ठाऊक होतं, कारण तो ओर्नां गावच्या जमीनदार शेतकऱ्याच्या घरातला आणि या चित्रासाठी त्याने आपल्या बहिणींनाच बसवलं होतं.

शेजारी दुसरी बाई पोत्यांना टेकून बसलीय आणि ताटलीतलं धान्य एका हाताने निवडतेय. डोळे मिटायला आलेत, काम बोटांच्या सवयीवर चाललंय. आणि उजवीकडे एक पोरगा लाकडी पेटीचं झाकण उघडून आत डोकावतोय. ती पेटी म्हणजे धान्य उफणायचं यंत्र. बायका हाताने जे करतायत ते करायला आलेली वस्तू. तिच्यात रस आहे तो फक्त पोराला. कूर्बेने यावर काही भाष्य केलेलं नाही. नुसतं एका खोलीत तिन्ही गोष्टी ठेवल्यात: जोर लावून केलेलं काम, कंटाळून केलेलं काम, आणि ते काम संपवू पाहणारं यंत्र. शेतीत यंत्र आलं की बाईच्या हातातलं काय जातं, हा प्रश्न पुढे शंभर वर्षं चघळला गेला. इथे तो भिंतीला टेकून उभा आहे.

धुणं, इस्त्री आणि शहर

शेतातून शहरात आलं की कामकरी बाई म्हणजे आधी धोबीण. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये हजारो बायका यावर पोट भरत. धुणं सेन नदीवर, काठाला बांधलेल्या धुण्याच्या होड्यांवर. ओनोरे दोमिए नदीतल्या सेंट लुई बेटावर राहायचा; या बायका त्याच्या दारासमोरून येत-जात. त्याच्या 1863च्या आसपासच्या चित्रात एक बाई नदीवरून दगडी पायऱ्या चढून वर येतेय. एका हाताला धुण्याचं बोचकं, दुसऱ्या हाताला लहान पोर. पायऱ्या पोराच्या पायांना उंच पडतायत, म्हणून ती खाली वाकलीय. ओल्या कापडाचं ओझं काय असतं हे ज्याने पिळे वाहिलेत त्याला सांगायला नको. सुक्या कपड्यांच्या दुप्पट तरी होतं. ते वजन एका बाजूला ओढतंय आणि पोराकडे झुकताना तोल सांभाळायचा, ही सगळी कसरत दोमिएने दोन-चार जाड फटकाऱ्यांत दाखवलीय. चेहरा जवळजवळ काळा, नाकडोळे नाहीतच. मागे नदीपलीकडच्या इमारती मात्र उन्हात झळाळतायत. दोमिए मुळात व्यंगचित्रकार. वर्तमानपत्रांसाठी त्याने हजारो चित्रं काढली. दोन रेघांत माणसाचं वजन पकडायची त्याची सवय इथे कामी आली.

धुणं झालं की खळ आणि इस्त्री. हा भाग एदगार दगाचा. बॅले नाचणाऱ्या मुलींमुळे तो प्रसिद्ध, पण इस्त्रीवाल्या बायका त्याने 1869च्या सुमारास हाती घेतल्या आणि 1890च्या दशकापर्यंत त्या सोडल्या नाहीत. तसा तो वास्तववाद्यांच्या नंतरच्या पिढीचा, दृक्प्रत्ययवाद्यांबरोबर (म्हणजे इंप्रेशनिस्टांबरोबर) प्रदर्शनं भरवणारा, पण स्वतःला वास्तववादी म्हणवणारा. 1874 च्या फेब्रुवारीत लेखक एदमों द गोंकूर त्याच्या स्टुडिओत गेला होता आणि त्याने ती भेट रोजनिशीत नोंदवलीय. दगा एकामागून एक चित्रं दाखवत होता आणि इस्त्रीवाल्या बायकांच्याच भाषेत समजावत होता: ही दाबून फिरवायची इस्त्री, ही गोल फिरवायची. चित्रकाराला कारागिरीचे शब्द येत होते, हे मला फार मोठं वाटतं. हात कसा फिरतो हे ज्याला कळत नाही, तो हात काढताना चुकतोच.

1884 ते 1886 च्या दरम्यानचं त्याचं चित्र बघा. उजवीकडची बाई दोन्ही हात इस्त्रीवर ठेवून खांद्यांचा सगळा भार त्यावर टाकतेय; मान खाली, चेहरा हरवलेला. ही दाबून इस्त्री. इस्त्री लोखंडाची, शेगडीवर तापवायची. एक गार झाली की दुसरी उचलायची, म्हणजे उन्हाळ्यातही शेगडी पेटलेली आणि खोलीत ओल्या खळीची वाफ. शेजारची बाई एक हात मानेवर ठेवून तोंड उघडून जांभई देतेय, दुसऱ्या हातात बाटली. त्या काळात ही बाटली दाखवून लोक म्हणत, बघा, या बायका पितात. अर्थातच पीत असतील. तापलेल्या खोलीत दिवसभर उभं राहिल्यावर स्वस्त दारू हाच हाताशी असलेला उपाय होता. धोबिणींबद्दल शहरात चावटपणाने बोललं जायचं. उकाड्यामुळे गळे उघडे, कपडे पोचवायला परक्यांच्या घरात जाणं, एवढं भांडवल पुरेसं. बाजारात विकली जाणारी पुष्कळ स्वस्त चित्रं तेवढ्यावरच काढलेली. दगाच्या चित्रात उघडी मान आहे, पण ती दुखणारी मान आहे. दगा माणूस म्हणून काही बायकांचा कैवारी नव्हता, उलट तिरसटच. तरी त्याची नजर चुकत नाही. चांगलं बघायला चांगुलपणा लागतोच असं नाही.

शिवणकाम करणारी सुंदर दुःखी बाई

आता उलट उदाहरण. 1843 च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात टॉमस हूडची सदरे शिवणाऱ्या गरीब बाईवरची कविता आली आणि एकच खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी रिचर्ड रेडग्रेव्हने तिच्यावर चित्र काढलं. माळ्यावरची खोली, मध्यरात्र उलटलेली, मेणबत्ती, खिडकीत सुकलेलं रोप. शिवणारी बाई डोळे वर करून आकाशाकडे बघतेय, संतिणीसारखी. नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत इंग्लंडमध्ये अशा कितीतरी शिवणकरणी रंगवल्या गेल्या. बहुतेक एकट्या, फिकट, देखण्या, आणि बऱ्याच जणी वर बघणाऱ्या.

आपला प्रश्न विचारा. मेणबत्तीच्या उजेडात पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचा टाका घालायचा तर डोळे कापडाला टेकायला हवेत. मान खाली, पाठीला पोक, बोटं डोळ्यांपासून वितीवर. वर बघितलं की टाका चुकला, आणि नगावर मजुरी असेल तर टाका चुकणं परवडत नाही. म्हणजे चित्रात शिवणकाम नाहीच. शिवणकामातून घेतलेली सुट्टी आहे, तीही बघणाऱ्याच्या सोयीसाठी. त्या चेहऱ्यामुळे लोकांना कणव आली, वर्गणी जमली, हेही खरं. पण मला राहून राहून वाटतं की शिवणकरीण इतकी आवडायचं कारण म्हणजे ती निरुपद्रवी होती. घरात बसलेली, एकटी, हातात सुई, म्हणजे कुलीन बायकांचंच हत्यार. तिची दया येऊ शकते, भीती वाटू शकत नाही.

गिरणीतल्या बायकांचं तसं नव्हतं. त्या घोळक्याने असायच्या, मोठ्याने बोलायच्या, पगार रोख घ्यायच्या. इंग्लंडच्या कापड गिरण्यांत बायकांची संख्या प्रचंड, आणि त्यांची तैलचित्रं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आयर क्रोचं 1874 मधलं विगन शहरातल्या जेवणाच्या सुट्टीचं चित्र हे त्यातलं एक. गिरणीबाहेरच्या कठड्यावर, रस्त्यावर बायका बसल्यात, उभ्या आहेत. केसांना जाळ्या, अंगावर शाली. हसणं-खिदळणं चाललंय, कोणी खातंय, कोणी वाचतंय. दयेची गरज कोणालाच नाही. त्यावर एका समीक्षकाने लिहिलं की असल्या अनाकर्षक विषयात चित्रकाराने वेळ फुकट घालवला. पण क्रोही सुट्टीच दाखवतो, हे विसरायला नको. यंत्रावर उभी असलेली बाई तिथे नाही. आतला गोंगाट, कापसाची धूळ आणि सारख्या फिरणाऱ्या चात्या यांच्यात चित्रफलक उभा करणं सोपं नव्हतं, आणि मालकांनाही ते नको असणार. जर्मन चित्रकार मेंझेलने तेव्हाच्या प्रशियातल्या क्योनिग्सह्यूट गावच्या लोखंडाच्या कारखान्याचं मोठं चित्र काढलं (1872-75), आत शिरून, आगीसकट. त्यात बाई आहे ती उजव्या कोपऱ्यात, पुरुषांसाठी जेवणाची टोपली घेऊन आलेली.

मग कॅमेऱ्याने हे काम केलं का? विगनमध्येच कोळशाच्या खाणींवर बायका होत्या. 1842 च्या कायद्याने त्यांना जमिनीखाली जायला बंदी केली, तेव्हा त्या वर, खाणीच्या तोंडाशी, कोळसा निवडायच्या आणि चाळायच्या, पुरुषांसारखी विजार घालून. स्थानिक फोटोवाले त्यांना स्टुडिओत बोलवून फावडं आणि चाळण हातात देऊन फोटो काढत आणि कार्डं विकत. कपडे खरे, चाळण खरी, आणि काम काहीच नाही, कारण फोटोसाठी स्थिर राहायचं. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने 1885 च्या उन्हाळ्यात भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात यावर बोट ठेवलंय. तेव्हा तो नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी खणणाऱ्या, वेचणाऱ्या बायका-पुरुषांची चित्रं काढत होता आणि त्याच्या माणसांची अंगं बेढब आहेत अशी तक्रार येत होती. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की खणणाऱ्या माणसाचा फोटो काढला तर त्यात तो नक्कीच खणत नसेल. माझी माणसं शरीरशास्त्राच्या हिशेबाने बरोबर झाली तर मलाच वाईट वाटेल. हातपाय थोडे लांब झाले तरी चालतील, पण बाई खणताना दिसली पाहिजे. मी सुरुवातीला जो प्रश्न मांडला तो खरं तर व्हॅन गॉगच्याच पत्रातून उचललेला आहे. आणि व्हॅन गॉग मिलेला गुरू मानत होता.

दाई

आत्तापर्यंतचे सगळे चित्रकार पुरुष, हे लक्षात आलं असेल. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेचे दरवाजे बायकांना 1897 मध्ये उघडले. त्याआधी शिकायचं तर खासगी वर्ग, घरचा पैसा. त्यामुळे ज्या बायका चित्रकार झाल्या त्या बहुतेक सुस्थितीतल्या, आणि त्यांच्या डोळ्यांसमोरची कामकरी बाई म्हणजे घरातली. डेन्मार्कच्या आना आंकरने 1880च्या दशकात स्वयंपाकघरातली मोलकरीण रंगवली, पाठमोरी, उन्हाने पिवळ्या झालेल्या पडद्यासमोर. सुंदर चित्र आहे, एवढंच इथे म्हणतो.

फ्रेंच चित्रकार बर्थ मोरिझोच्या चित्रापाशी मात्र माझा प्रश्न लटका पडतो. 1878 च्या नोव्हेंबरात मोरिझोला मुलगी झाली, ज्यूली. पुढच्या वर्षी तिने ज्यूलीला अंगावर पाजणाऱ्या दाईचं चित्र काढलं. दाईचं नाव आंजेल. बागेत बसलेली बाई, मांडीवर बाळ, आणि चहूकडे पांढऱ्या-हिरव्या रंगांचे असे सपासप फटकारे की बाई कुठे संपते आणि गवत कुठे सुरू होतं ते नीट कळत नाही. पहिल्या नजरेत आई आणि बाळ, चर्चमधल्या मेरीसारखं. काम कुठेच दिसत नाही. आणि तरी हे पगारी काम आहे. कलेतिहासकार लिंडा नॉक्लिन यांनी 1980च्या दशकात या चित्रावर लिहिताना दाखवून दिलं की इथे एक काम करणारी बाई दुसऱ्या काम करणाऱ्या बाईला बघतेय. एक चित्र विकण्यासाठी रंगवतेय, दुसरी दूध विकतेय, आणि दुसरीच्या कामामुळेच पहिलीचा हात मोकळा झालाय. बाळ जिचं, ती फलकापलीकडे उभी.

या कामात जोर लावणारे दंड नाहीत, वाकलेली पाठ नाही. नुसतं बसून राहणं हेच काम. ते चित्रात ओळखू यायचं तर बघणाऱ्याला बाहेरून काहीतरी ठाऊक असावं लागतं. उदाहरणार्थ, हे चित्र काढलं गेलं तेव्हा फ्रान्समध्ये दायांसाठी 1874 चा कायदा लागू होता. दाई म्हणून नोकरी धरायची तर तिला दाखला द्यावा लागे की तिचं स्वतःचं शेवटचं मूल जिवंत आहे आणि सात महिने पूर्ण झालेलं आहे. तसं नसेल, तर त्याला दुसरी कोणी बाई पाजतेय, असं लिहून आणावं लागे.